मातीवरची पांढरी लव

मी कुंडीतला नेचा बोलतोय. माझ्यावरून या घरात भांडण झालं, आणि चूक कोणाची ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.

रोपवाटिकेतून मला आईंनी आणलं. त्या गेल्या आणि मी बाबांच्या खोलीत आलो. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. झाडांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "तू सुकलास तर ती मला काय म्हणेल?" असं पुटपुटत ते येता-जाता माझ्या मातीत पेला रिकामा करायचे. त्यांची मुलगी, ताई, कामावरून आली की तीही पाणी घालायची. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. मला आपलं वाटलं, चंगळ आहे!

मग मुळं गुदमरू लागली. मातीवर कापसासारखी पांढरी लव आली. कोणी पांघरूण घातलं की काय, असंच मला वाटलं.

बाबांना दमा. खोकला वाढला तशी ताईने कुंडीत वाकून पाहिलं.

"बाबा, बुरशी आहे ही. झाड बाहेर जाणार."

"तिचं आहे ते."

"आणि तुम्ही माझे आहात."

मी जिन्यात गेलो. तिथल्या कोरड्या हवेत बुरशी सुकली, पण माझी पानंही करपली. पाणी वाईट की कोरडेपणा? मला काही सुधरेना.

एकदा जाता-जाता ताईने माझं पान धरलं. त्याचा बोटांत भुगा झाला. ती पायरीवरच बसली. "तुला ओली हवा पाहिजे, ओली माती नाही," ती हळूच म्हणाली.

तिने नाकाला फडकं बांधून वरची माती खरवडली, पिशवीत बांधून टाकून दिली. कुंडीचं बुजलेलं भोक मोकळं केलं. पसरट ताटलीत खडे आणि थोडं पाणी घालून मला त्या खड्यांवर ठेवलं, पाण्याला न टेकता. जागा स्वयंपाकघरात, किलकिल्या खिडकीशी.

आता बाबा पेला घेऊन येतात, मातीत बोट खुपसतात. "ओली आहे अजून," म्हणतात आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकतात. मग खुर्ची ओढून बसतात. खोकला कमी आहे.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर पाण्याआधी मातीला बोट तेवढं लावून बघा.

काल मातीतून काहीतरी हिरवं, गुंडाळलेलं वर आलं. बाबांनी चष्मा सारखा केला. "हे काय रे?"

मला तरी कुठे ठाऊक! उलगडेल तेव्हा दोघंही बघू.