झोपेच्या तारा

त्या दवाखान्यात लोक झोपायला यायचे. म्हणजे झोप येत नाही, किंवा नको तेवढी येते, अशी तक्रार घेऊन यायचे. मग त्यांना पलंगावर निजवून, डोक्याला, कपाळाला, डोळ्यांच्या कडांना बारीक बारीक वायरी चिकटवून त्यांची झोप पडद्यावर पाहिली जायची. झोपेचे डॉक्टर स्वतः दिवसभर जांभया देत असत, पण माणूस भला होता. आणि वायरी बनवणारी, तुटल्या तर जोडणारी, गुंता झाला तर सोडवत बसणारी एक बाई होती. तिला सगळे तारवाली म्हणत. तिलाही ते आवडायचं.

तिची खोली पॅसेजच्या टोकाला होती. दुपारी पलंग रिकामे असत, पडदे ओढलेले असत, आणि तिच्या खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर आळसावून पडलेलं असे. भिंतीवरच्या खुंट्यांना धुतलेल्या वायरी टांगलेल्या, मुलींच्या ओल्या वेण्यांसारख्या. एकेक वायर केसाहून जराशी जाड, आणि तिच्या आतले तांब्याचे तंतू तर इतके नाजूक, की जोरात श्वास सोडला तरी हलावेत. स्ट्रिपर नावाच्या चिमट्याने वरचं प्लॅस्टिक सोलायचं, उघडे पडलेले तंतू पिळायचे, सोल्डरचा डाख देऊन टोकाला चांदीची इवलीशी वाटी बसवायची. ती वाटी माणसाच्या कातडीवर बसते आणि आतली झोप ओळीओळींनी बाहेर आणते. काम करता करता तारवालीला वाटायचं, या वायरींतून कुणाकुणाची स्वप्नं वाहून गेली असतील, त्यांचा थोडा ओलावा आपल्याही बोटांना लागला असेल. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

घरी मात्र झोपेवरून रोज सकाळी जुंपायची. तिचे सासरे घड्याळजी. नजर अधू झाली तसं त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून उठल्या उठल्या त्यांचं एकच पालुपद असे.

"काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

सासूबाई चहा गाळता गाळता म्हणत, "लागला नाही कसा? ढाराढूर झोपला होतात. घोरण्याने छप्पर उडायचं तेवढं बाकी होतं."

"ते घोरणं होतं. झोप नव्हती."

"मग काय, गाणं होतं?"

यावर घर हसायचं. तारवालीही हसायची. सासरे हसत नाहीत हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि आलं तेव्हा तिला आपल्या हसण्याची लाज वाटली. त्या दिवशी सासूबाई आंघोळीला गेल्यावर ते हळूच तिला म्हणाले, "झोपेचं सोड गं. मला स्वप्नं पडायची बंद झालीत. दुकान होतं तेव्हा रोज पडायची, सकाळी सांगता सांगता चहा गार व्हायचा. आता डोळे मिटले की नुसतं काळं. आतलं यंत्रच बंद पडलं की काय, कळत नाही."

ते अर्धवट हसून बोलले, पण कप तसाच भरलेला ठेवून उठले.

तिने त्यांना दवाखान्यात आणलं. स्वतः बनवलेल्या वायरी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्याला लावल्या. सकाळी पडद्यावर सगळ्या ओळी कशा छान नागमोडी उमटलेल्या होत्या, एक सोडून. डोळ्यांची ओळ. माणूस स्वप्न बघतो तेव्हा मिटल्या पापण्यांआड बुबुळं फिरतात, आणि ती ओळ लाटांसारखी उसळते. सासऱ्यांची ओळ थोडा वेळ हलली आणि मग पट्टी लावून आखल्यासारखी सरळ गेली. डॉक्टर जांभई आवरत म्हणाले, "ही वायर गेलेली दिसते. पुन्हा एकदा बघू." पण सासऱ्यांनी पडद्यावरची ती सरळ रेघ पाहिली होती, आणि त्यापुढचं त्यांच्या कानात काही शिरलंच नाही.

"वायर गेली असं म्हणतायत ना डॉक्टर," तिने घरी समजावलं.

ते लहान मुलाकडे बघून हसावं तसं हसले. "तुझ्या हातची वायर? आणि मी दिलेल्या स्ट्रिपरने सोललेली? ती कशी जाईल? डोळेच मेले माझे, सूनबाई. उगाच खोटा धीर देऊ नकोस."

त्यानंतर त्यांनी झोपेची तक्रारच बंद केली. पुन्हा तपासणी करायचं नाव काढलं की उठून गॅलरीत जात. सासूबाईंनी मुद्दाम घोरण्यावरून डिवचून पाहिलं, तरी भांडले नाहीत. भांडणाशिवाय ती सकाळ फार मोठी वाटू लागली.

तारवालीने ती वायर भिंगाखाली धरली. जिथे प्लॅस्टिक संपून तांबं सुरू होतं, नेमक्या तिथे बरेचसे तंतू कापले गेले होते. उरलेल्यांवर भागत होतं, म्हणून लावण्याआधी तपासली तेव्हा मीटरवर वायर धडधाकट दिसली. झोपलेल्या माणसाने कूस बदलली, मान वळवली, आणि उरलेले तंतूही तुटले. घात केला होता स्ट्रिपरने.

तो स्ट्रिपर म्हणजे सासऱ्यांनी तिला नोकरी लागली तेव्हा दिलेलं हत्यार. दोन पात्यांमधली फट कमी-जास्त करायचा एक स्क्रू होता त्याला. सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावून, पुनःपुन्हा वायर सोलून तो स्क्रू असा काही जुळवला होता की आत तांब्याला पातं शिवायचंसुद्धा नाही. मग स्क्रू हलू नये म्हणून त्यावर सासूबाईंच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब टाकला. घड्याळजींची पद्धत ती. पण तेव्हाच्या वायरीत एकच कडक तार असे. पुढे दवाखान्यात मऊ, अनेक तंतूंच्या वायरी आल्या. त्यांचा गाभा किंचित जाड, त्याला ती फट अपुरी. स्क्रू थोडा सैल करायला हवा होता. पण तो लाल थेंब फोडायला तारवालीचा हात धजला नाही. बाबांनी लावून दिलंय, आपण कोण बदलणार?

आता पंचाईत अशी, की नवा स्ट्रिपर गुपचूप आणला असता तर दवाखान्याचं काम भागलं असतं, पण सासरे आपले डोळे मेलेत असंच धरून बसले असते. आणि खरं सांगावं, तर आधीच खचलेल्या माणसाला त्याचं हत्यारही वाईट निघालं म्हणून सांगायचं. दोन दिवस ती घरात चोरासारखी वावरली. शेवटी म्हणाली, "बाबा, मला नवीन स्ट्रिपर घ्यायचाय. बरोबर चला."

"का? माझा काय वाईट आहे?"

"चला तर खरं."

हत्यारांचं ते दुकान एका गल्लीत होतं, लांबट आणि अरुंद. छतापर्यंत ड्रॉवर होते, हवेत तेलाचा वास होता आणि उजेड मधाच्या रंगाचा. आत शिरलं की बाहेरचा आवाज मागेच राहायचा. दुकानदार शिडीवर उभा राहूनच गिऱ्हाइकाशी बोलायचा, जमिनीवर उतरणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. सासऱ्यांना पाहून मात्र तो उतरला.

"घड्याळजी! किती दिवसांनी! काय दाखवू?"

"मला काही नको. हिला हवंय."

त्याने काचेवर निळं कापड अंथरलं आणि तीन स्ट्रिपर मांडले. तारवालीने पर्समधून वायरीचं वेटोळं काढलं. पहिला पिस्तुलासारखा होता, दाबला की आपोआप पकडतो आणि सोलतो. त्याने वायर अशी चेमटवली की सासऱ्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "हा दोरखंड सोलायला ठेवा." दुसरा विजेवर तापणारा. त्याची टोकं प्लॅस्टिक वितळवतात, पातं नाहीच, म्हणजे तांबं कापायची भीती नाही. तारवालीचा जीव त्याच्यावर जडत आला होता. पण या वायरीचं मऊ प्लॅस्टिक वितळून तंतूंना मेणासारखं चिकटलं, आणि वर नाकाला झोंबणारा धूर.

"तंतू शाबूत आहेत, पण सोल्डर धरणार नाही," ती म्हणाली.

"आणि तुझ्या त्या कोंडट खोलीत धूर जायचा कुठे?" सासरे पुढे सरकले होते. खिशातलं भिंग त्यांच्या डोळ्यावर कधी चढलं ते त्यांनाही कळलं नसावं.

मग तिने पर्समधून त्यांचाच स्ट्रिपर काढला. एक वायर सोलली आणि त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी बघितलं. वायर फिरवून पुन्हा बघितली. दुकानदाराचा पंखा मंद फिरत होता आणि ड्रॉवरांच्या पितळी मुठींवर उजेड हलत होता. तारवालीला वाटलं, आपण सगळे कुठल्यातरी संथ पाण्याच्या तळाशी उभे आहोत.

"तंतू कापले गेलेत," सासरे म्हणाले.

"हो."

"त्या रात्रीची वायर... अशीच?"

"याहून वाईट होती, बाबा."

"म्हणजे तुटली ती वायर." त्यांनी भिंग काढलं. "डोळे नाही."

"डोळे नाही, बाबा. वायर."

ते तिथल्या स्टुलावर बसले. तारवालीचा जीव टांगणीला लागला. आणि बघते तर सासऱ्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता. ज्या हत्याराचा एवढा अभिमान, ते वाया गेल्याचं ऐकून माणूस असा खूश झालेला तिने कधी पाहिला नव्हता. मग ते एकदम तिच्यावरच कडाडले.

"आणि स्क्रू का नाही फिरवलास, वेडाबाई?"

"तुम्ही लावून दिला होता ना. लाल थेंब..."

"अगं, थेंब म्हणजे काय देवाची आज्ञा? घड्याळसुद्धा अधूनमधून मिळवावं लागतं!" त्यांनी नखाने तो थेंब खरवडून काढला, दुकानदाराचा बारीक पेचकस ओढून घेतला, स्क्रू फिरवला, वायर सोलली, बघितलं. पुन्हा फिरवला. पुन्हा बघितलं. "एक तंतू अजून जातोय. पाती म्हातारी झाली." एवढंच म्हणाले आणि स्ट्रिपर स्वतःच्या खिशात टाकला.

तिसरा स्ट्रिपर साधा दिसत होता. त्याच्या पात्यांना स्क्रू नव्हता, वेगवेगळ्या मापांची गोल भोकंच कोरलेली होती. वायरीच्या मापाच्या भोकात तारवालीने वायर धरली. जराशी खरचटली. सासरे म्हणाले, "ते माप एका तारेचं असणार. तुझी तंतूंची आहे. एक भोक मोठं घे." तिने घेतलं. प्लॅस्टिक अलगद सरकून आलं आणि आतले तंतू झोपेतून उठलेल्या केसांसारखे मोकळे झाले. भिंगाखाली एकावरही ओरखडा नव्हता. सासऱ्यांनी ते टोक इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवलं, इतका वेळ की दुकानदार पुन्हा शिडीवर जाऊन बसला. तंतू तुटले नाहीत.

"बांधा हा," सासरे म्हणाले. "आणि तपासणी कधी करायची ते विचार त्या जांभईवाल्याला."

डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली, आणि आधीच बजावलं की दिवसाच्या झोपेत स्वप्न पडेलच असा भरवसा नाही. सासूबाईही हट्टाने आल्या. सासरे पलंगावर आडवे झाले, पडदे ओढले गेले, आणि शेजारच्या खोलीत दोघी पडद्यासमोर बसल्या. एका पडद्यावर ओळी, दुसऱ्यावर कॅमेऱ्यातून दिसणारे सासरे. बाहेर दुपार पेंगत होती. ओळी आधी घाईच्या होत्या, मग सैल झाल्या, मग लांब लांब. घोरणं सुरू झालं. सासूबाईंनी "ऐक" अशा अर्थाने बोट वर केलं, पण हसल्या नाहीत. डोळ्यांची ओळ मात्र सपाटच. तारवाली मनात त्या वायरीला विनवत होती. तुटली नसशील ना गं?

बराच वेळ गेला. दोघींचेही डोळे जड झाले. आणि ती ओळ एकदा हलली. पुन्हा हलली. मग वाऱ्यावर पडदा उडावा तशी उसळू लागली, वर, खाली, वर. तारवालीला हुंदका आला.

"आई, बघा! स्वप्न बघतायत बाबा!"

सासूबाई ओळींकडे बघतच नव्हत्या. त्या दुसऱ्या पडद्यावर चादरीबाहेर आलेल्या हाताकडे बघत होत्या. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हलकेच घासत होते, थांबत होते, पुन्हा घासत होते.

"रोज असंच करतात," त्या म्हणाल्या. "पहाटे कधीतरी. घड्याळाला किल्ली देतात."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"दुकान आठवून रडले असते, म्हणून." त्यांनी पदराने डोळे टिपले. "मला काय माहीत, त्यांना वाटतंय की सगळंच संपलं!"

सासरे जागे झाले तेव्हा दोघी पलंगाशी उभ्या होत्या. डोक्यावर वायरींचा पसारा, डोळे अर्धवट उघडे. "पडलं?" त्यांनी विचारलं.

"पडलं, बाबा. चांगलं मोठं पडलं."

त्यांनी आत डोकावून आल्यासारखे डोळे मिटून उघडले. "पण मला काहीच आठवत नाही गं."

"तुम्हाला नसेल आठवत. मला विचारा ना," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसून त्यांनी तो हात हातात घेतला. "किल्ली देत होतात."

"कुणाच्या घड्याळाला?"

"ते मला कसं कळणार? उद्या पहाटे नीट बघून सांगते."