माझ्यात कोणी काय भरले

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची हातबॅग आहे, आणि ओळख वाढण्याआधीच सांगून टाकते, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही चांगली मुले दिसता, पण चांगल्या दिसणाऱ्या माणसांनीच आजवर माझ्यातल्या वस्तू लांबवल्या आहेत.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. मला शिवणारा कारागीर अबोल होता. त्याने माझ्या तळाला दुहेरी चामडे लावले, बक्कल दोनदा ओढून पाहिले आणि मला रांगेत ठेवून दिले. पुढे दुकानाच्या काचेत मी बरेच दिवस काढले. गिऱ्हाइके यायची, माझे तोंड उघडून आत नाक खुपसायची आणि किंमत ऐकली की मीच त्यांना लुबाडल्यासारखे बघत निघून जायची. संशय म्हणजे काय, ते मी तिथेच शिकले.

मग माझे मालक आले. ते गावोगाव फिरून चष्म्याच्या फ्रेमा विकायचे. नमुन्याच्या फ्रेमा माझ्यात भरून ते दुकानांच्या पायऱ्या चढायचे. काउंटरवर मला उघडले की दुकानदार गोड गोड बोलायचे, चहा मागवायचे आणि मालक कपाकडे वळले की एखादी फ्रेम हळूच गल्ल्याखाली सरकवायचे. मी सगळे बघत असे, पण बोलता येत नाही ना, हेच माझे दुखणे! मालक मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. मला बंद करण्याआधी ते आतून बोटे फिरवायचे आणि म्हणायचे, "शेठ, आमचं एक पोर तुमच्याकडे राहिलं वाटतं." शेठ ओशाळून फ्रेम काढून द्यायचे.

माझ्यात काय आहे आणि कुठे आहे, हे मालकांना न बघता सांगता येत असे. त्याचा त्यांना केवढा अभिमान! घरी आले की लहानग्या लेकीला म्हणायचे, "बांध माझे डोळे, आणि विचार काय विचारायचं ते." ती विचारायची आणि ते अचूक हात घालायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मालक निवृत्त झाले आणि मी कपाटावर गेले. माझ्या अंगावर धूळ साचली. कोणीतरी माझ्यात जुन्या चादरी कोंबल्या. वर्षांमागून वर्षे गेली, लेकीचे लग्न झाले, ती आणि जावई त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. माझी कोणी चौकशी केली नाही.

एके दिवशी लेकीने चौघांची परदेशाची तिकिटे काढली. तिकिटे स्वस्त होती, पण सामानाला परवानगी जेमतेम. प्रत्येकी एक हातबॅग, सात किलो, त्यावर एक रुमालही नको. जावई तर या नियमाचा पहारेकरीच झाला. "बाबा, तिकडे जिनेच जिने. बोजे ओढत बसलो तर बघणार काय? दोन जोड कपडे, औषधं, बस्स," असे त्याने बजावले आणि सामान अडकवून तोलायचा एक काटाही विकत आणला. मालकांनी लगेच मला खाली काढले, पुसले, तेल लावले. "सुटसुटीत सामान कसं भरतात ते हिला विचारा," ते म्हणाले. मला भरून आले. त्यांनी थोडेसेच कपडे घातले आणि मला पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर ठेवले. मी अर्धी रिकामी होते. आणि इथेच घात झाला.

पहिल्यांदा आल्या बाई, म्हणजे मालकांची बायको. त्यांची स्वतःची बॅग केव्हाच फुगली होती. "ह्यांची तर रिकामीच आहे," असे पुटपुटत त्यांनी आपला जाडजूड स्वेटर माझ्यात सारला. मग लेक आली. तिने केस वाळवायचे यंत्र आणले आणि वडिलांच्या लेंग्याखाली दडवले. त्यानंतर कोण यावे? खुद्द जावई! मागेपुढे बघत, चोरपावलांनी, पळायचे बूट घेऊन. इतरांसमोर नियमाच्या गोष्टी सांगणारा हा साळसूद माणूस ते बूट माझ्या तळाशी दाबून शीळ घालत निघून गेला.

मी मालकांची वाट बघत होते. आता हे बोटे फिरवतील आणि एकेकाची फजिती करतील! मालक आले. त्यांच्या हाताला स्वेटर लागला. मग कोणालाही हाक न मारता त्यांनी तो कपाटात ठेवला. नंतर केसांचे यंत्र सापडले, मग बूट, तेव्हा ते स्वतःशीच पुटपुटले, "हे मी कधी भरलं?" मग माझ्या लक्षात आले, मित्रांनो, की ते घरच्यांवर संशय घेतच नव्हते. ते स्वतःवर संशय घेत होते. त्यांच्या थोरल्या भावाची स्मरणशक्ती अशीच गेली होती. शेवटी शेवटी ते स्वतःच्या बायकोला "आपण कोण?" असे विचारायचे. त्यांचे सगळे मालकांनीच केले होते. आता मालकांना वाटू लागले की या वस्तू आपणच भरतो आणि आपल्याला आठवत नाही.

बाईंना स्वेटर कपाटात दिसला तेव्हा त्यांच्या मनात निराळीच पाल चुकचुकली. "ह्यांना कळलंय, आणि मुद्दाम गप्प आहेत!" त्यांनी तो माझ्यात आणखी खोल खुपसला. आपले यंत्र आईने काढले, असे लेकीला वाटले. आपले बूट बायकोने हलवले, असे जावयाला वाटले. दोघांनीही आपापली वस्तू पुन्हा माझ्यात दडवली. चौघेही जेवताना एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत. विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याचेच बिंग फुटले असते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जावयाने पुढच्या खोलीत काटा आणला. तिघांच्या बॅगा नियमात बसल्या. मग त्याने मला अडकवले. काटा खाली गेला तो थांबेचना. जावई खोटे खोटे दचकला, "बाबा, एवढं काय भरलंत?"

मालक खुर्चीत बसले. "तुम्ही तिघं जा. मी येत नाही."

"म्हणजे? आता ऐन वेळी?" लेक म्हणाली.

"हिच्यात काय काय आहे ते मला माहीत नाही. भरलं मीच असणार. रोज काढतो, रोज परत असतं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "दादाचं असंच सुरू झालं होतं गं."

आधी बाई पुढे झाल्या. "अहो, स्वेटर माझा. मीच ठेवला." लेकीने मान खाली घालून यंत्र बाहेर काढले. जावयाचे कान लालबुंद झाले होते. त्याने माझ्या तळात हात घातला आणि बूट छातीशी धरून उभा राहिला. लेक हसायला लागली. मग सगळेच हसले. मालक हसता हसता रडले आणि म्हणाले, "अरे चोरांनो, मला वेडा ठरवायला निघाला होतात!"

त्यांना हुरूप आला. त्यांनी माझे तोंड रुंद उघडले आणि जुन्या सवयीने आतून बोटे फिरवली. कडेला एक रुमालाची पुरचुंडी लागली. त्यांनी ती सोडली. आत चहाची गाळणी होती. ओलसर, चहाचा चोथा चिकटलेली.

"ही कोणाची?"

लेकीने जावयाकडे पाहिले, जावयाने लेकीकडे. दोघांनी नकारार्थी मान हलवली. ती कोणी ठेवली, ते मी पाहिले होते. सकाळी चहा झाल्यावर मालकच स्वयंपाकघरातून आले होते. त्यांनी गाळणी रुमालात नीट गुंडाळली, माझ्या कडेला ठेवली आणि माझ्यावरून प्रेमाने हात फिरवून ते फिरायला गेले होते.

बाई दिवसभर ती गाळणी शोधत होत्या. दुपारचा चहा त्यांनी फडक्यातून गाळला होता. त्यांनी गाळणीकडे पाहिले, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे.

"अगोबाई, ती माझी!" त्या म्हणाल्या. "तिकडे म्हणे सगळीकडे पिशवीचा चहा. मला मेलीला नाही चालत."

"आई, परदेशात गाळणी?" जावई खो खो हसला.

"असू दे. तिचं वजन ते केवढं!"

सगळ्यात मोठ्याने मालक हसले. "तू पण ना!" असे म्हणून त्यांनी गाळणी पुन्हा रुमालात बांधली आणि माझ्यात ठेवली.

आम्ही परदेश पाहून आलो. तिथे बाईंनी मालकांचा हात क्षणभरही सोडला नाही. परत आल्यावर आठवड्याच्या आत "माझा गुडघा दाखवायचाय, चला सोबत," असे सांगून त्या त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मला नेले नव्हते, त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत नाही. बाईंच्या तोंडावरून काही कळत नाही, आणि मी रोज बघते.

मित्रांनो, दुसऱ्याच्या बॅगेत न विचारता काही ठेवू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या सामानात कधी ओली गाळणी सापडली, तर हसू नका आणि ओरडूही नका. आधी म्हणा, "ती माझी आहे." मग त्यांचा हात धरून त्यांना डॉक्टरांकडे न्या.