रोझेटाची माफी

व्हर्नेल टॉलिव्हर दर शनिवारी माझ्या दुकानात केस सरळ करायला यायची आणि नव्या कादंबरीचं प्रकरण वाचून सगळ्यांना वेठीला धरायची. अर्धेच केस झालेली बाई उठून जाणार कुठे? पहिली कादंबरी न्यूयॉर्कला छापून आली, तेव्हा आमच्या आख्ख्या मेकन गावात आम्ही मिरवलो होतो.

दुसरीचं घोडं मात्र अडलं. गोष्टीतली धोबीण रोझेटा शेवटी मालकिणीला माफ न करताच निघून जाते. संपादकाने कळवलं, तिनं रडून माफ केलं पाहिजे, नाहीतर पुस्तक निघणार नाही.

"मग करू दे की माफ!" मी म्हटलं. मला मेलीला तिचं नाव पुन्हा छापलेलं बघायचं होतं.

तिनं आठवडाभर खपून नवा शेवट लिहिला आणि शनिवारी वाचला. एरवी बायका "हो गं बाई!", "सांग, सांग!" करून दुकान डोक्यावर घ्यायच्या. आज चिडीचूप. मी अल्झोराआजीच्या केसांतून तापलेला कंगवा फिरवत होते. आजी हळूच म्हणाली, "देवा, हिला बळ दे."

आमच्या चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन फसायला लागलं, की असंच म्हणतात.

व्हर्नेलने कागद मिटले. "एवढं वाईट, आजी?"

"वाचलंस झकास, पोरी. पण मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले. माफी मागायला एकही बया आली नाही. मी माफ करू कुणाला?"

व्हर्नेल उठली आणि माझ्याच फोनवरून तिनं न्यूयॉर्क लावलं. "साहेब, माझा पहिलाच शेवट राहील." मग बराच वेळ ऐकून घेतलं. "बरं तर. पाठवून द्या हस्तलिखित परत."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? आता कोण छापणार?" मी अशी चिडले होते की रडूच आलं.

"छापेल कुणीतरी. चांगली आहे ती," म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

दोन वर्षं लागली. शिकागोच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं, ते तिनं माझ्या हातात दिलं. त्या शेवटासाठीच पुस्तक घेतोय, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"चुकलंच गं माझं, व्हर्नेल," मी म्हटलं. "माफ कर मला."

"केलं," ती म्हणाली. "तू मागितलीस ना."