पेशी वाचल्या

"घरी काय पाजलंत यांना?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा द्वारकाबाईंनी जराशा अभिमानानंच लेकीकडं बोट केलं. "हिचंच औषध हाय, सायेब. पाला उकळायचा, देवापुढं ठिवायचा, मंग उपाशीपोटी द्यायचा."

अश्लेषाला फोनवरचं आपलंच बोलणं आठवलं.

धाराशिवच्या एका कॉलेजात ती त्याच पाल्याच्या वेलीवर संशोधन करत होती. रामलिंगच्या रानातून पाला आणायचा, अर्कातून एकेक घटक वेगळा काढायचा, बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर तो घालायचा, वरून विष सोडायचं आणि पेशी तगतात का बघायचं. बहुतेक घटकांनी विषाच्या आधीच पेशी मारल्या. शेवटी एकानं वाचवल्या. त्या आनंदात तिनं गावी, लोहाऱ्याला फोन लावला होता, "आई, आपल्या बांधावरची ती वेल गं, तिनं पेशी वाचवल्या!"

घरी वडील, रामकिसन, तापानं फणफणले होते. पेशी लई कमी झाल्यात, असं तिथले डॉक्टर त्याच सकाळी म्हणाले होते. गावात पेशी म्हणजे रक्तातल्या, डेंग्यूत घटतात त्या. दुसऱ्या कुठल्या पेशी असतात, हे द्वारकाबाईंना सांगणार कोण? त्यांनी त्याच दिवशी बांधावरचा पाला उकळायला ठेवला.

"तुझ्या आईनं कडू जहर पाजलं बघ," रामकिसन दवाखान्यातल्या खाटेवरून क्षीण हसले. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. "आता कारलं बी गोड लागायलंय."

"औषध कडूच आसतंय," द्वारकाबाई म्हणाल्या.

व्हरांड्यात अश्लेषानं डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातला केसपेपर मिटला. मग म्हणाले, "तापातून उठले असते हो. काढ्यानं यकृत गेलं."

मंगळवारी पहाटे रामकिसन गेले.

"काढा द्यायला माझ्याच्यानं उशीर झाला का गं?" आईनं विचारलं.

"हो आई. उशीर झाला." देवाची मनोमन क्षमा मागून अश्लेषा एवढंच बोलली.

तेरावा उरकला. चार बायका अजून अंगणात बसून होत्या, तोच शेजारची दैवशाला धापा टाकत आली. "काकू, लेकराच्या पेशी कमी झाल्यात. तुमच्यातला काढा द्या की वाईच."

"बस. आमाला उशीर झाला, तुझं तसं नगं व्हायला." द्वारकाबाई आत आल्या, भगुल्यात पाला टाकून गॅस पेटवला.

अश्लेषानं त्यांचा हात धरला. "नको आई."

"का?"

"त्यातल्या एकाच घटकानं पेशी वाचतात. बाकीच्यांनी मरतात. तो एक वेगळा काढावा लागतो, उकळून नाही निघत."

"मंग ह्यांना म्या..." द्वारकाबाई थांबल्या. "आन् तू उशीर म्हणलीस ते?"

"तुला सोसलं नसतं, आई."

द्वारकाबाईंनी गॅस बंद केला. भिंतीला हात लावत त्या बाहेर गेल्या.

"दैवशाला, लेकराला दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

"थोडा तरी द्या की, काकू. आमालाच का न्हाय?"

जन्मभर हळू बोललेल्या त्या बाईचा आवाज पहिल्यांदाच अंगणभर गेला, "माझा माणूस ह्यानंच गेला. म्याच पाजलं. कुणी इचारलं तर हेच सांग."

दैवशाला पळत सुटली. अंगणातल्या बायकांपैकी एकीनंही वर बघितलं नाही. द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना दिसतील अशा त्या दारातच उभ्या राहिल्या.