सरळ केलेल्या फ्लॉपी ड्राइव्हची कैफियत

मी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलेही नसेल, आणि त्यावाचून तुमचे काही अडलेले नाही. पूर्वी घरगुती कॉम्प्युटर बंद केला की त्यातले सारे पुसले जाई. टिकवायचे असेल ते तळहाताएवढ्या मऊ पाकिटातल्या तपकिरी चकतीवर लिहून ठेवावे लागे. तीच फ्लॉपी. ती माझ्या तोंडात सरकवली की मी घरघरत तिच्यावर लिहायचो, नाहीतर आधी लिहिलेले वाचून दाखवायचो. हे काम माझे हेड करी. नखाएवढा तुकडा तो, पण चकतीवरच्या न दिसणाऱ्या गोल रेघा त्यालाच सापडत.

माझी पहिली नोकरी एका कार्यालयात झाली. तिथे मोटर अडकली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला उचलले ते लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकने. त्यांच्या घरी सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

बाबांकडे टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर होता. तो कॅसेटवर चाले. एक खेळ सुरू व्हायचा तर चहा करून पिऊन होई. माझे आणि त्याचे काही नाते नव्हते. बाबांनी ते जुळवले. त्यांनी त्याच्या खोक्याची एक बाजू कापली, केबल स्वतः बनवली, एकेक तार सोल्डर केली आणि मला आत बसवले. मोटर मोकळी करताना त्यांनी माझे हेडही खोलले होते. ते परत कसले ते नुसत्या अंदाजाने. लिफ्ट मजल्याशी बोटभर खालीवर थांबली तरी चिडणारा हा माणूस, माझ्या बाबतीत मात्र केसभर चुकला.

पण त्याने कोणाचे बिघडले? मी तिरका लिहायचो आणि तिरकाच वाचायचो. माझ्या फ्लॉप्या दुसऱ्या कोणाला वाचता आल्या नसत्या, पण दुसरे कोणी त्या मागतही नव्हते.

बाबांनी मुलीसाठी एक खेळ लिहिला. पडद्यावर लिफ्ट असे. दार उघडले की विचारी, "मालकीणबाई, कुठला मजला?" एका मजल्यावर बटण दाबून जिन्यानेच निघून जाणारे गृहस्थ राहत. एकावर लिफ्टमध्ये शिरून "ही वर जाते की खाली?" म्हणून भांडणाऱ्या काकू. दर वाढदिवसाला एक नवा मजला, आणि प्रत्येक मजल्याची वेगळी फ्लॉपी. मुलगी हसून हसून लोळायची, धाकटा भाऊ तिच्या खांद्यावरून डोकावायचा. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग मुलगी कॉलेजात गेली. त्या वाढदिवसाला बाबा म्हणाले, "मालकीणबाई, वरचा मजला तयार आहे बरं का."

"बाबा, पुरे झाला तो खेळ. मी काय आता लहान आहे?"

"नाही बाई, मोठी झालीस. बघ सवडीनं," असे म्हणून बाबांनी फ्लॉपी डब्यात ठेवली. ती सवड काही आली नाही. थोड्याच महिन्यांत बाबा आजारी पडले आणि गेले. त्या मजल्यावर त्यांनी काय लिहिले होते ते फक्त मला ठाऊक होते. आम्हा सर्वांना माळ्यावर चढवण्यात आले आणि वर एक चादर टाकली गेली.

वर्षे गेली. धाकट्याला जुन्या कॉम्प्युटरांचा नाद लागला. त्याने आम्हाला खाली काढले, तेव्हा ताई मुद्दाम भेटायला आली. तिच्या केसांत आता पांढऱ्या बटा होत्या. ती म्हणाली, "बाकी काही नको मला. तो वरचा मजला तेवढा दाखव."

"ताई, थांब की जरा. नीट करून देतो, एकदम नव्यासारखं."

हे नव्यासारखे करण्याचे वेड माणसांना कुठून लागते, मला कळलेले नाही. धाकट्याने एकही फ्लॉपी घालून पाहिली नाही. तो मला घेऊन त्याच्यासारख्याच हौशी लोकांच्या मेळाव्यात गेला. तिथल्या एकाला सगळे डॉक्टर म्हणत. त्याने हेड तपासायची मापाची फ्लॉपी माझ्यात घातली आणि कपाळाला हात लावला. "अरे, हेड पार सरकलंय याचं. असला वाकडा चालला तरी कसा?" मग त्याने बारीक स्क्रू ड्रायव्हरने मला सरळ केले. लोकांनी आपापल्या फ्लॉप्या आणून घातल्या आणि मी सगळ्या घडाघडा वाचल्या. टाळ्या पडल्या, माझे फोटो निघाले. जन्मात माझे एवढे कौतुक झाले नव्हते. त्या कौतुकाची मला आजही शिसारी येते.

रविवारी ताई आली. खुर्ची ओढून टीव्हीपुढे बसली, चष्मा पुसला. धाकट्याने वरचा मजला घातला. मी फिरलो. रेघ जिथे असायला हवी तिथे गेलो, तर तिथे नुसती खरखर. बाबांची अक्षरे केसभर पलीकडे होती आणि मला तिकडे सरकता येत नव्हते. पडद्यावर आले, 'वाचता येत नाही.'

"फ्लॉपी गेली वाटतं," धाकटा म्हणाला. त्याने दुसरी घातली, मग तिसरी. काकूंचा मजला नाही, गृहस्थांचा नाही. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने डॉक्टरला फोन लावला.

"आधी कॉपी करून घेतल्या नव्हत्यास?" पलीकडून आवाज आला.

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं, एवढं तर तू केलंच असशील."

मग सुरू झाली उलटी दुरुस्ती. स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे. बाबांचा अंदाज कुठे लिहून ठेवलेला नव्हता. वरच्या मजल्याच्या त्या जुन्या फ्लॉपीचा तपकिरी लेप आधीच सैल झालेला. प्रत्येक खेपेला मी तिच्यावर घासत होतो आणि तपकिरी भुकटी माझ्या हेडला चिकटत होती. थांबा म्हणायला मला वाचा नव्हती. शेवटी ताईनेच ती फ्लॉपी बाहेर ओढली आणि खिडकीपुढे धरली. चकतीवर गोल चरे पडले होते आणि त्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता.

"त्याला सरळ करायला कोणी सांगितलं होतं तुला?" ताई म्हणाली.

"चांगलंच करायला गेलो होतो ग."

"माहीत आहे मला." ती पर्स उचलून निघून गेली.

आता माझ्या जागी एक लहानशी डबी बसवली आहे. तिला पेनड्राइव्ह जोडला की हजारो खेळ निघतात. धाकटा ते खेळत नाही. मी शेजारच्या फळीवर आहे आणि पाहुण्यांना माझी ओळख 'अगदी उत्तम स्थितीतला' अशी करून दिली जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण एखादीला हात लावण्याआधी तिच्यापाशी कोणाचे काय आहे, ते विचारा. ते आधी उतरवून घ्या, मग खुशाल पुसा, घासा, सरळ करा. आणि घरातल्या कोणी तुमच्यासाठी काही करून ठेवले असेल, तर ते आजच पाहा. लहान मुलांचे आहे म्हणून लाजू नका. बाबांनी त्या मजल्यावर कोणालाच ठेवले नव्हते. दार उघडले की नुसती मोकळी गच्ची होती आणि खाली एकच ओळ होती, 'आता पुढचे मजले तू लिही.' मला ती पाठ आहे, पण ताईला मी फक्त फ्लॉपीवरचेच वाचून दाखवू शकतो.