बोळाकडची खिडकी

विष्णुपंत आणि भाऊसाहेब साळवे यांची ओळख खिडकीपुरती होती. नगरमधल्या त्या भागात दोघांची घरं पाठीला पाठ लावून उभी होती. मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ. विष्णुपंतांचं दार पाटबंधारे कॉलनीत उघडायचं, भाऊसाहेबांचं सम्यकनगरात. एका दारातून दुसऱ्या दारी जायचं तर चौकाला वळसा घालावा लागे. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही तो घातला नव्हता.

विष्णुपंत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यापासून घरात एकटेच. भाऊसाहेब एसटीचे जुने ड्रायव्हर. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. दुपारची जेवणं झाली की विष्णुपंत खिडकीशी खुर्ची ओढून पेपर मोठ्याने वाचत आणि पलीकडे कॉटवर पडून भाऊसाहेब ऐकत. निधनाच्या बातम्या आधी, मग राजकारण, मग उरलेलं. दिवसभरात विष्णुपंतांचा आवाज वापरला जाई तो तेवढाच.

फेब्रुवारीतच ऊन कडक झालं, तेव्हा पुरवणीत त्यावर पानभर लेख आला. कोळसा, डिझेल जाळून धूर वर जातो, तो पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो, म्हणून उन्हाळे असे लांबत चाललेत, असं त्यात होतं. विष्णुपंतांनी तो सगळा वाचला.

"म्हंजे यष्टीचा बी हात हाय त्यात," भाऊसाहेब म्हणाले. "जन्मभर नगर-कोपरगाव केलं मी. लई धूर सोडलाय."

"तुमच्या गाडीत पन्नास माणसं असायची. धूर वाटून घ्या."

"माणसं उतरून गेली की पंत. धूर ड्रायव्हरच्या नावावर."

दोघंही बराच वेळ हसले.

आदल्या उन्हाळ्यात विष्णुपंत भाजी आणताना रस्त्यात कोसळले होते. दवाखान्यात सलाईनवर पडून राहावं लागलं. म्हणून मार्चमध्ये त्यांची मुलगी रुचा बंगळूरहून आली आणि मागच्या खोलीत एसी बसवून गेली. मोबाईलवरून तो तिला तिकडूनही चालू करता येत होता. बाहेरचं युनिट कुठे लावायचं, असं मेकॅनिकने विचारलं. पुढून बरं दिसत नाही, मागे बोळात लावा, असं विष्णुपंतांनीच सांगितलं. आतली गरमी उचलून बाहेर टाकायची, एवढंच या मशीनचं काम, असं तो मुलगा म्हणाला होता. विष्णुपंतांनी मान हलवली. ‘बाहेर’ या शब्दाचा त्यांनी फारसा विचार केला नाही.

पहिले काही दिवस एसी चालू ठेवून, खिडकी उघडून त्यांनी पेपर वाचला. पण खोली गार होत नाही हे रुचाला तिकडे कळे आणि फोन येई. पारा बेचाळिसाच्या वर गेलाय बाबा, खिडकी लावा. मागच्या वर्षीपासून मला झोप लागत नाही, असंही एकदा ती म्हणाली. त्यानंतर त्यांनी खिडकी लावून घेतली. भाऊसाहेबांनी दोनदा हाक मारली. एसीच्या आवाजात ती अर्धीच ऐकू आली. काही दिवसांनी पलीकडचीही खिडकी बंद झाली.

साळव्यांना राग आला असणार, असं विष्णुपंतांनी धरलं. मग त्यांनाही थोडा आला. एसी घेतला म्हणून बोलणं सोडायचं, हे काही बरं नाही. एप्रिल असाच गेला. पेपर ते मनात वाचू लागले आणि तो अर्ध्या वेळात संपू लागला.

मे महिन्यात बोळातली मोरी तुंबली, म्हणून एका दुपारी ते मागे गेले. युनिटसमोरून जाताना तोंडावर भट्टीसारखा झोत आला. ते थांबले. झोत जिथे जात होता तिकडे त्यांनी पाहिलं. भाऊसाहेबांच्या खिडकीच्या फटींना आतून ओली फडकी लावली होती. ती वाळून कडक झाली होती.

उन्हात बाहेर पडायचं नाही, असं त्यांनी रुचाला वचन दिलं होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून ते चौकाला वळसा घालून सम्यकनगरात गेले. तिथे त्यांना घर ओळखता येईना. ते त्यांनी कधी पुढून पाहिलंच नव्हतं. शेवटी साळवे ड्रायव्हर म्हणून विचारावं लागलं. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या रतनबाईंनी त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं. भाऊसाहेब आणि त्यांची बायको आक्काबाई सुप्याला मुलाकडे, तुषारकडे गेले होते.

"मागची खोली लई तापायची," रतनबाई म्हणाल्या. "आक्काबाई म्हनली, पंतांना सांगा. तर भाऊसाहेब म्हनले, त्यांचं दुखनं हाय, असू दे."

कधी येणार, असं विष्णुपंतांनी विचारलं.

"आता मिरगाला. पाऊस झाल्यावर."

फोन नंबर रतनबाईंकडेही नव्हता. विष्णुपंतांना तो कधी लागलाच नव्हता.

घरी येऊन त्यांनी एसी बंद केला, खिडकी उघडली आणि खुर्ची ओढून पेपर हातात घेतला. निधनाच्या बातम्यांचं पान काढलं. पहिलं नाव मोठ्याने वाचलं आणि ते थांबले. तेवढ्यात मागे टिक्‌ असा आवाज झाला. एसी चालू झाला. बोळात पंखा फिरू लागला.

त्यांनी उठून मेन स्विच खाली ओढला. थोड्याच वेळात फोन आला.

"बाबा, एसी दिसत नाहीये मला. काय झालं?"

"लाइट गेलीय."

"या उन्हात? कधी येणार म्हणतात?"

विष्णुपंत समोरच्या बंद खिडकीकडे पाहत होते.

"मृगात," ते म्हणाले.