माणिकरावांचा उजवा डोळा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या मुधोळच्या बाजारात माणिकरावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंच. पण आसपासच्या गावांतली घड्याळं तिथंच यायची, ती माणिकरावांच्या उजव्या डोळ्यापायी. भिंग लावलं की केसाएवढी स्प्रिंगही त्या डोळ्याला दोरीसारखी दिसे.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कापडदुकानदार केशवराव एक लेझर बत्ती घेऊन आले. बोटभर लांबीची, लाल उजेड फेकणारी. हैदराबादहून हौसेनं आणलेली, पण बंद पडली होती. माणिकरावांनी नवे सेल घातले, आतली पत्र्याची पट्टी सरळ केली. पेटते का बघायला भिंग काढून ठेवलं, बत्ती उजव्या डोळ्यासमोर धरली नि बटण दाबलं. लालभडक ठिणगी दिसली. एवढासा उजेड इतका लांब जातो कसा, आतली काच कुठं बसवली असेल, या नादात ते आठ-दहा सेकंद तसेच बघत राहिले. दुखलं काहीच नाही.

केशवराव खूश होऊन गेले. माणिकरावांनी पुढचं घड्याळ हातात घेतलं, तर तबकडीच्या मधोमध काळपट डाग. काच पुसली, भिंग पुसलं. डाग घड्याळावर नव्हताच. जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसे.

तीन दिवस त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. जेवण मात्र कमी झालं. चौथ्या दिवशी बायकोनं, सोजरबाईंनी हटकलंच.

"अवो, एक डोळा मिटून पेपर काऊन वाचून राह्यले?"

"कचरा गेला."

"तीन दिवसांपासून कचराच?"

मग माणिकरावांचा बांध फुटला. "सोजर, मले मधलं दिसतच नाई. काटाच दिसत नाई घड्याळाचा."

सोजरबाई रागावल्या नाहीत, की रडल्या नाहीत. "उठा," म्हणाल्या, "आदिलाबादले जाऊ."

आदिलाबादची डोळ्यांची डॉक्टरीण तेलुगू, पण पेशंटांशी बोलून बोलून मराठी शिकलेली. तिनं डोळ्यात थेंब घालून आत बराच वेळ पाहिलं. मग चौकटी आखलेला एक कागद पुढे धरला. मधल्या रेषा माणिकरावांना वाकड्या दिसत होत्या.

"लेझरचा सगळा उजेड डोळ्यात एकाच जागी गोळा होतो," ती म्हणाली. "मागचा पडदा भाजला तुमचा. तिथं दुखत नाही, म्हणून कळत नाही."

"परत दिसन का, बाई?"

"जखम छोटी आहे, मधल्या बिंदूच्या जरा बाजूला. सूज उतरली तर दिसेल. पण वचन देत नाही. दीड महिन्यानं या."

मुधोळला परतताच माणिकराव केशवरावांच्या दुकानात गेले. केशवराव गादीवर बसून गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांवर लाल ठिपका नाचवत होते. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "सकाळीच नातीसंग खेळलो मी यानं. बरं झालं, तिनं तोंड फिरवलं." त्यांनी तिथंच सेल काढले नि बत्ती चुलीत टाकायला मागच्या घरात पाठवली. चुलीत काच फुटून उडेल, म्हणून माणिकरावांनी ती नुसती तोडायला लावली.

दीड महिना माणिकरावांनी फक्त पट्टे बदलले. हातात काम नसलं की डावा डोळा झाकून डाग केवढा उरला ते बघत. तो फिका होतोय, की आपल्याला तसं वाटतंय, हे काही ठरेना.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईनं तोच कागद धरला. रेषा सरळ होत्या! भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी न अडखळता वाचली.

"सूज गेली. बारीक व्रण राहील, पण नजर वाचली."

माणिकराव तक्त्याची शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सोजरबाईंनीच विचारलं, "मंग घड्याळं?"

"करू द्या की."

बसस्टँडवर चहा पिताना माणिकराव बायकोकडे टक लावून बघू लागले.

"सोजर, तुझ्या कानातल्या फुलाचा खडा पडला वाटते."

"दोन वर्सं झाली पडून," सोजरबाई म्हणाल्या. "तवा तं डोळे चांगले होते तुमचे!"

माणिकराव इतके हसले, की कपातला चहा धोतरावर सांडला.